मासे शोधणारी होडी कुणाच्या हाती?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यांना एक प्रकल्प करावा लागतो. या प्रकल्पांच्या प्रदर्शनात रिमोटवर चालणारी छोटी होडी अधूनमधून पाहायला मिळते. प्लॅस्टिकचे दोन पाइप, दोन मोटारी, एक बॅटरी आणि खाली पाण्यात सोडलेले मासे शोधण्याचे यंत्र. मुलगा काठावर उभा राहून होडी फिरवतो, मोबाइलच्या पडद्यावर तळ दिसतो, माशांच्या खुणा दिसतात. परीक्षक खूश होतात, गुण मिळतात, फोटो निघतो. आणि मग ती होडी प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडते. ज्या माणसाचे पोट माशावर चालते, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. आमचा आजचा विषय हाच आहे.

काही वाचक म्हणतील, समाजापुढे एवढे जळते प्रश्न असताना आम्ही या खेळण्यातल्या होडीवर काय लिहीत बसलो? आमचे उत्तर असे की हा प्रश्न पाण्याचा आहे आणि पाण्याच्या ज्ञानाचा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो हक्काचा लढा होता. तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना नद्या, धरणे, वीज आणि जलवाहतूक यांचा अभ्यास करीत होते. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग उभा राहिला तो त्यांच्याच खात्यात. पाण्याला हात लावण्याचा हक्क आणि पाणी मोजण्याचे शास्त्र, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आयुष्यात हाताळल्या. आम्ही मात्र पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी इंजिनिअर साहेबांवर सोडून दिली. म्हणून या होडीकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

आधी या यंत्राचा इतिहास पाहू. दुरून चालवता येणारी होडी ही काही आजची गोष्ट नाही. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर अशी होडी चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळवले. टेस्लाच्या डोक्यात तिचा एक मोठा उपयोग होता, तो युद्धाचा. आवाजाच्या साह्याने पाण्याखालची वस्तू शोधण्याची विद्याही तशीच वाढली. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आपटून बुडाले तेव्हा या विद्येचा शोध जोरात सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजेव्हँ यांनी तिला आकार दिला. म्हणजे या होडीचे दोन्ही भाग, वरचा आणि खालचा, जन्माला आले तेव्हा त्यांच्यावर नजर होती ती लष्कराची. गरिबाच्या जाळ्याचा विचार त्यात नव्हता.

मग हे यंत्र मच्छीमाराकडे आले कसे? जपानच्या नागासाकी प्रांतात फुरुनो नावाचे भाऊ होड्यांवरच्या विजेच्या कामाचा व्यवसाय करीत. अणुबाँबने नागासाकी शहर बेचिराख झाल्याला जेमतेम तीन वर्षे होत होती. युद्धानंतर उरलेली, खोली मोजण्याची यंत्रे घेऊन या भावांनी ती माशांसाठी वापरून पाहिली आणि १९४८ मध्ये मासे शोधणारे पहिले व्यवहारात उतरणारे यंत्र तयार केले. दर्यावर्दी मच्छीमारांचा सुरुवातीला विश्वास बसेना. त्यांच्या होडीत बसून, त्यांच्या बोलण्यातले खरेखोटे पारखून, यंत्र पुन्हापुन्हा सुधारावे लागले. आमच्या मते या इतिहासातला धडा इथे आहे. युद्धाचे यंत्र पोटाचे यंत्र झाले ते शोधकर्ता मच्छीमाराच्या शेजारी जाऊन बसला म्हणून.

आता हे यंत्र काम कसे करते ते समजून घेऊ, कारण जे समजत नाही त्याची माणसाला भीती वाटते, आणि भीतीचा फायदा दलाल उठवतो. या यंत्राला सोनार म्हणतात. दागिने घडवणाऱ्या सोनाराशी त्याचा काही संबंध नाही. हे यंत्र पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडते. तो आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. तळ १० मीटर खोल असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा सुमारे ७४ वा भाग लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजते आणि खोली सांगते. मधे मासा आला तर त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आवाज आपटतो आणि तळाच्या आधीच एक प्रतिध्वनी परत येतो. पडद्यावर उमटणारी कमान ती हीच. जादू काही नाही. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकण्याचीच ही मोजून केलेली पद्धत आहे.

होडी बांधण्यातही फार मोठे गूढ नाही. नळकामात वापरतात तो ११० मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप घ्या. त्याचा एक मीटरचा तुकडा दोन्ही टोकांना झाकणे चिकटवून बंद केला की तो सुमारे साडेनऊ लिटर पाणी सारतो, म्हणजे साडेनऊ किलो वजन तोलतो. असे दोन पाइप शेजारी शेजारी बांधले की १९ किलो झाले. पाइपांसकट सगळे वजन ९-१० किलोच्या आत ठेवले तर पाइप अर्धे पाण्यावर राहतात आणि होडी लाटेला कलंडत नाही. मागे दोन मोटारी लावायच्या. उजवी जोरात फिरवली की होडी डावीकडे वळते, डावी फिरवली की उजवीकडे. सुकाणू वेगळे लागत नाही. रिमोटची लहर पाण्यातून जात नाही, म्हणून तिची तार पाण्याच्या वर उभी ठेवावी लागते. सोनारचा डोळा पंख्यापासून लांब बसवावा लागतो, नाहीतर पंख्याचे बुडबुडे त्याला आंधळे करतात. आणि संपर्क तुटला तर मोटारी आपोआप बंद पडतील अशी सोय आधी करायची, होडी पाण्यात नंतर सोडायची. ज्या मुलाने आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकले आहे त्याला यातले काहीही अवघड नाही.

युरोपात गळ टाकून मासे धरण्याचा छंद असलेले लोक अशा तयार होड्या विकत घेतात, सुट्टीच्या दिवशी आमिष लांब नेऊन टाकतात आणि मासा कुठे आहे ते पाहतात. तिकडे तो छंद आहे. आमच्याकडे भोई, ढिवर, कहार यांचा तो रोजचा घास आहे. छंदाच्या यंत्राची नक्कल केली म्हणजे घासाचे यंत्र तयार होत नाही. ते का, हे पाहण्यासाठी आमच्या विदर्भाकडे या.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी माणसांनी ते बांधले. पाणी कुठे अडवायचे आणि कुठे सोडायचे याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते, पदवी कुणाकडेच नव्हती. या तलावांत मासे धरतो तो ढिवर समाज. सरकारच्या यादीत तो भटक्या जमाती ब मध्ये मोडतो. मासे विकायला बाजारात टोपली घेऊन बसते ती त्या घरातली बाई. या तलावांत छंदाची होडी नेऊन सोडली तर काय होईल? तलाव अनेक ठिकाणी दोन-तीन मीटरच खोल. सोनारचा झोत दिव्याच्या झोतासारखा खाली पसरत जातो. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंदीचा तळ दाखवतो, पण दोन मीटर खोलीवर जेमतेम ७० सेंटिमीटर. त्यात पाणवनस्पतींचे दाट रान. त्यांच्यावरही आवाज आपटतो आणि पडद्यावर नसलेले मासे दिसू लागतात. पंख्यात वेली अडकून होडी मधेच उभी राहते ती वेगळीच. शिवाय कटला पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. खाली पाहणाऱ्या यंत्राला वरचा कटला नीट दिसतच नाही. आणि कमान दिसली तरी ती रोहूची की दुसऱ्या कुणाची, हे साधे यंत्र सांगत नाही.

हे सगळे ढिवराला यंत्राशिवाय कळते. मरळ हा मासा हवा घ्यायला वर येतो. पाण्यावर उठलेल्या एका बुडबुड्यावरून आणि एका वळशावरून जाणता माणूस मरळ कुठे आहे ते सांगतो. मरळीची तांबूस पिले घोळक्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि आईबाप खालून त्यांची राखण करतात. राखण करणारी मरळ त्या दिवसांत मारली तर पिलांचा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो. मासा कुठे आहे हे यंत्र सांगेल. तो आज धरू नये, हे कोण सांगणार? ते ज्ञान समाजाकडे आहे. पण ते पुस्तकात नाही, म्हणून त्याला अडाणीपणा म्हणण्याची या व्यवस्थेची जुनी खोड आहे. हाताने काम करणाऱ्याला डोके नसते हे ज्यांनी शेकडो वर्षे शिकवले, त्यांनीच ही खोड लावली.

मग होडी नकोच का? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. होडी हवी, पण ती जिथे लागते तिथे. ती जागा म्हणजे मोठी धरणे. वैनगंगेवर गोसेखुर्द झाले, भीमेवर उजनी झाले, गाढवी नदीवर इटियाडोह झाले. नदीकाठच्या मच्छीमाराला नदीतला प्रत्येक डोह नावाने ठाऊक असतो. कुठे खडक आहे, कुठे वाळू आहे, उन्हाळ्यात मासा कुठे आश्रय घेतो, हा नकाशा त्याच्या डोक्यात असतो आणि तो बापाकडून मुलाकडे येतो. धरण भरले की हा सगळा नकाशा एका पावसाळ्यात बुडतो. घर बुडाले तर त्याची नोंद होते, शेत बुडाले तर मोबदल्याची चर्चा तरी होते. मच्छीमाराच्या डोक्यातला नकाशा बुडाला त्याची नोंद कोणत्या कागदावर आहे? वर पसरलेल्या अफाट पाण्याखाली आता जुन्या झाडांचे बुंधे आहेत, पडक्या घरांच्या भिंती आहेत. जाळे तिथे अडकते, फाटते, आणि एका फाटलेल्या जाळ्यात घरची महिन्याची कमाई जाते.

इथे ही होडी खरी कामाची आहे. होडीवर जीपीएस बसवून ती ओळीने, नांगरटीच्या तासांसारखी, फिरवली तर प्रत्येक जागेची खोली नोंदवली जाते. त्या नोंदींवरून धरणाच्या तळाचा नकाशा काढता येतो. बुंधे कुठे, जुना डोह कुठे, गाळ किती साचला, हे त्यावर दिसते. मालगुजारी तलावातही हे करता येते. मासा दिसला नाही तरी तळ किती आहे ते कळते, फक्त वेलींचे रान कमी असेल ते दिवस निवडायचे आणि काही जागी बांबू टाकून खोली पडताळून पाहायची. तलावात गाळ साचला आहे हे सोसायटीचा अध्यक्ष वर्षानुवर्षे अर्जात लिहितो आणि साहेब विचारतात, पुरावा काय? नकाशा हा पुरावा आहे. म्हणून आम्ही म्हणतो, मासा शोधण्याआधी पाणी मोजा.

आणि ही होडी चुकीच्या हातात गेली तर काय होते, याचा जगाला अनुभव आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड नावाचा मासा शेकडो वर्षे विपुल होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनार लावलेली प्रचंड जहाजे तिथे आली. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार १९८० च्या दशकात सांगत होते की मासा कमी होतोय, लहान होतोय. त्यांचे कोणी ऐकले नाही, कारण मोठ्या जहाजांची जाळी भरत होती. उरलेला मासा जिथे गोळा होई तिथेच यंत्र जहाजाला नेऊन सोडी. त्यामुळे समुद्र रिकामा होत असताना आकडे भरल्यासारखे दिसत राहिले. अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार एका दिवसात गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले. ३२ वर्षे! यंत्राने मासा शोधला, आणि मासा व मच्छीमार दोघेही संपवले.

आपल्या कोकण किनाऱ्यावर एलईडी दिव्यांची गोष्ट काय वेगळी आहे? जनरेटरवर हजारो वॅटचे दिवे लावून मासा एका जागी गोळा करायचा आणि लहानमोठा सगळा उपसायचा. ज्यांच्याकडे भांडवल त्यांनी दिवे लावले, ज्यांच्याकडे छोटी होडी त्यांची जाळी रिकामी आली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा कडक केला, तरी छोट्या मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. आता हाच प्रकार धरणात येणार नाही कशावरून? ठेकेदाराच्या हातात मासे दाखवणारी होडी आली तर सोसायटीच्या सभासदांनी सोडलेले मत्स्यबीज मोठे होण्याआधीच उचलले जाईल, आणि सभासद स्वतःच्याच पाण्यावर रोजंदारीचे मजूर होतील. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत. बीज दरवर्षी सोडावे लागते. उपसणारा एक आणि बीज सोडणारा दुसरा, असे झाले की सहकार नावापुरता उरतो.

म्हणून आमच्या तीन अटी आहेत. पहिली, होडी सोसायटीच्या मालकीची असावी, एखाद्या सभासदाची, ठेकेदाराची किंवा पुढाऱ्याची नसावी. दुसरी, तिने काढलेला नकाशा आणि नोंदी सोसायटीच्या दप्तरात राहाव्यात. महाविद्यालयाने त्यावर अहवाल लिहावा, पण मूळ नोंद गावात ठेवून लिहावा. आमच्या माणसाच्या पाण्याची माहिती दुसऱ्याच्या संगणकात आणि त्याच्या हातात नुसते आभाराचे पत्र, हे चालणार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, होडी पाण्यात सोडण्याआधी सोसायटीने सभेत ठरवावे की कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात आणि किती वजनाखालचा मासा धरायचा नाही. त्या सभेत बाया बसल्या पाहिजेत. गोंदिया-भंडारा भागात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी तलावांत उतरून बेशरमची झुडपे उपटली आणि देशी पाणवनस्पती लावून माशांना पुन्हा आसरा दिला. ज्यांनी चिखलात उभे राहून तलाव जगवला, त्यांना नियम ठरवण्याच्या जागेवरून कोण उठवणार?

कोणी म्हणेल, अडाणी मच्छीमाराला हे यंत्र झेपेल का? हा प्रश्नच आम्हाला मान्य नाही. जो माणूस अंधारात बोटांच्या स्पर्शाने जाळ्याची गाठ सोडवतो, त्याला मोबाइलचा पडदा वाचता येणार नाही? समुद्रात मासा कुठे मिळण्याचा संभव आहे ते हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून पाहून कळवते, आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार ती माहिती वापरतात. त्यांना जे झेपते ते तलावावरच्या माणसाला झेपत नाही असे म्हणणाऱ्याने स्वतःचे मन तपासावे. झेपत नाही ते वेगळेच आहे. कर्ज काढून विकत घेतलेले, बिघडले तर दुरुस्त करता न येणारे, सुटा भाग परदेशातून मागवावा लागणारे यंत्र झेपत नाही. म्हणूनच ते इथेच, आपल्या हातांनी बांधले पाहिजे.

आता चळवळीतल्या सुशिक्षित तरुणांशी थेट बोलतो. तुमच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन तुम्हाला इंजिनिअर केले. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार विकत आणून गुण मिळवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात तुम्ही नसावे. जवळच्या तलावावरची मच्छीमार सोसायटी शोधा. तिथल्या जाणत्या माणसाला काका म्हणा, त्याच्या डोंग्यात बसा आणि आधी चार वेळा नुसते ऐका. जाळे कुठे फाटते ते विचारा. मग होडी बांधा, ती त्याच्याच घरच्या मुलाला बांधायला शिकवा, आणि दुरुस्तीही शिकवा. सोसायट्यांनीही मुलांची वाट पाहत बसू नये. तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांकडे ठराव करून जावे आणि सांगावे की आमच्या पाण्याचा तळ मोजायचा आहे, तुमची मुले पाठवा. धरणाच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी, म्हणजे पुढे कुणाला आडवे येता येणार नाही.

ज्ञान एकाकडे आणि घाम दुसऱ्याकडे, ही वाटणी या देशात फार जुनी आहे. पदवीधर मुलगा आणि डोंग्यातला काका एका होडीवर एकत्र काम करतील तेव्हा त्या वाटणीला एक धक्का बसेल, आणि त्या गावात पुढच्या उन्हाळ्यात काही जाळी फाटायची वाचतील. या पावसाळ्यानंतर तलाव भरतील, प्रकल्पांचे विषय ठरण्याचेही तेच दिवस असतात. प्रत्येक जिल्ह्यात एक सोसायटी आणि एक महाविद्यालय एवढी जोडी जमली तरी सुरुवात झाली. होडी कपाटावर ठेवायची की पाण्यात सोडायची, आणि सोडली तर कुणाच्या नावाने, हे आपणच ठरवायचे आहे.